चिलमीचा तुकडा काय सांगतो आणि काय नाही

शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही आपल्याकडची जुनी वाटणी आहे. सोलापूर जिल्ह्यात भीमा, सीना, माण, भोगावती या नद्यांच्या काठानं गेलात, तर जवळपास प्रत्येक जुन्या गावाला एक पांढरी असते. शेकडो वर्षांची चुलीतली राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती आणि फुटलेली मडकी थरावर थर साचून तिचं टेकाड होतं. धाब्याच्या घरांवर टाकायला हीच माती न्यायची, शेतात खत म्हणूनही हीच पसरायची. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की टेकाडाची कड ढासळते आणि खापरं उघडी पडतात. त्या खापरांत एखादा बोटभर लांबीचा, भाजक्या मातीचा, मधून आरपार भोक असलेला तुकडा हमखास असतो. तो एका बाजूनं पसरट, दुसऱ्या बाजूनं निमुळता आणि आतून काळा असतो.

गावात दाखवला, की कोणी म्हणतं, गोसाव्याची चिलीम. दुसरा म्हणतो, औरंगजेबाच्या फौजेतली. तिसरा त्याला दोन हजार वर्षं मागं नेतो. मी गेली अनेक वर्षं अशा पांढरींवर हिंडतो आहे आणि ही तिन्ही उत्तरं मी इतक्या वेळा ऐकली आहेत, की त्यांच्याविषयी एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. कारण चिलीम ही क्षुल्लक वस्तू नाही. मातीच्या थरांना तारीख लावायची तर तिच्याइतकी कामाची आणि तिच्याइतकी दुर्लक्षित वस्तू आपल्या भागात क्वचितच सापडेल.

‘ही सातवाहनांच्या काळातली असणार’

हा समज सगळ्यांत पक्का आहे, आणि तो का झाला तेही कळतं. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, म्हणजे प्राचीन तगर. तिथल्या संग्रहालयात सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या सुंदर वस्तू आहेत. त्या पाहून आलेल्या माणसाला आपल्या गावात सापडलेली मातीची कुठलीही वस्तू त्याच काळातली वाटू लागते.

पण तंबाखूचं झाड मूळचं अमेरिका खंडातलं. कोलंबस १४९२ मध्ये तिकडं पोचला, त्याआधी आशिया, युरोप, आफ्रिका यांपैकी कुठंही ते नव्हतं. आपल्याकडं ते आणलं पोर्तुगीजांनी. गोवा त्यांच्या हाती १५१० मध्ये गेलं आणि घाटावरच्या विजापूरशी गोव्याचा व्यवहार सतत चालू होता. तंबाखू हा शब्दसुद्धा पोर्तुगीज भाषेतूनच आपल्याकडं आला.

दख्खनेत तंबाखू कधी रुजली होती, याचा एक फार चांगला पुरावा आहे आणि तो सोलापूरपासून जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या विजापूरचा आहे. अकबराचा दूत असद बेग १६०४ च्या सुमारास आदिलशाही दरबाराकडून परतला. येताना त्यानं विजापुरात पाहिलेली एक नवलाची चीज बादशहासाठी आणली. आपण हिंदुस्थानात याआधी तंबाखू पाहिली नव्हती, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. सोबत जडावाची लांब नळी, अकीकाचं मुखपात्र, विस्तव ठेवायला सोन्याचं भांडं असा सगळा सरंजाम होता. अकबरानं कौतुकानं थोडे झुरके घेतले. हकिमांनी मना केलं. आपल्या जाणत्या माणसांनी न पारखलेली फिरंग्यांची चाल आपण का उचलावी, असा त्यांचा आक्षेप होता. त्यावर जगातली प्रत्येक चाल कधी ना कधी नवीच होती, असं असद बेगनं सांगितलं. बादशहाला त्याचं बोलणं आवडलं, पण त्यानं स्वतः सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र लावून घेतली. पुढं १६१७ मध्ये जहांगिरानं तंबाखूवर बंदी घातली, ती टिकली नाही.

या गोष्टीतला महत्त्वाचा मुद्दा असा, की आग्र्याच्या आधी तंबाखू विजापुरात होती. सोलापूरचा भुईकोट तेव्हा आदिलशाही आणि निजामशाही यांच्यातल्या ओढाताणीचं कारण होता. चांदबीबीच्या लग्नात तो आंदण म्हणून विजापूरकडं गेला होता. म्हणजे उत्तरेत तंबाखू नवलाची होती, तेव्हा आपला मुलूख तिच्या वाटेवरच होता.

इथं आयुर्वेद जाणणारी माणसं हरकत घेतात, आणि ती हरकत रास्त आहे. चरकसंहितेत धूमपान सांगितलं आहे, त्याची नळीही सांगितली आहे. तिची लांबी कामाप्रमाणे २४, ३२ किंवा ३६ अंगुळं. औषधी द्रव्यांची वाटून केलेली वर्ती तिच्यात ठेवून धूर घ्यायचा. म्हणजे धूर ओढण्याची कल्पना आपल्याला परकी नव्हती. पण तो वैद्यानं सांगितलेला उपचार होता. त्याची नळी लांब आणि वर्ती बारीक असे. निखारा ठेवायला पसरट तोंडाची, बसल्या बैठकीला चौघांत फिरणारी, गावोगावच्या उकिरड्यात शेकड्यांनी सापडणारी वस्तू ती नव्हे. प्राचीन ग्रंथात धूमपान आहे म्हणून पांढरीवरची चिलीम प्राचीन ठरत नाही.

तंबाखूशिवाय दुसरं काही ओढलं जात नव्हतं, असंही मी म्हणत नाही. इथिओपियातल्या एका गुहेत चौदाव्या शतकाच्या सुमाराच्या थरात सापडलेल्या चिलमींच्या तपासणीत गांजाचे अंश आढळले होते. म्हणून जाणता संशोधक चिलीम पाहिल्याबरोबर साल सांगत नाही, आधी तिच्यासोबत थरात काय आहे ते पाहतो. पण आपल्याकडच्या उत्खननांचे अहवाल वाचले, तर चिलमी येतात त्या वरच्या थरांत, मध्ययुगाच्या अखेरच्या आणि मराठा काळाच्या वस्तूंबरोबर. नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या नेतृत्वाखाली खोदकाम झालं, तेव्हा अश्मयुगापासून मुस्लिम-मराठा काळापर्यंतची पूर्ण उतरंड उभी राहिली. अशा उतरंडीत चिलीम नेहमी वरच्या मडक्यात असते. ज्या थरात ती पक्की बसलेली आहे, तो थर साधारण १६०० नंतरचा, एवढं ती मोठ्या विश्वासानं सांगते. नाण्यावर साल असतं, पण नाणं पिढ्यान्‌पिढ्या जपलं जातं. चिलीम आज घेतली आणि चार-सहा महिन्यांत फुटली, की बाहेर फेकली. जिथं वापरली तिथंच ती पडली. म्हणून तिची साक्ष खरी.

‘आरपार भोक आहे, म्हणजे चिलीमच’

नाही. अर्धी फसगत इथंच होते, म्हणून हा भाग जरा थांबून सांगतो.

तुकडा हातात घ्या आणि आधी आत बघा. चिलमीच्या पसरट तोंडात विस्तव आणि तंबाखू असते, त्यामुळं आतली बाजू जळून काळी झालेली असते. हा काळेपणा तोंडाकडं गडद आणि निमुळत्या टोकाकडं फिका होत जातो. मग आतल्या भिंतीवर बोट फिरवा. चाकावर घडवलेल्या चिलमीत गोल गोल रेषा बोटाला लागतात. भोक मध्यावर सरळ गेलेलं असतं आणि त्याच्या कडा गुळगुळीत असतात, कारण ते माती ओली असतानाच पाडलेलं असतं. निमुळत्या टोकाची बाहेरची कड पाहा. तिथं ओल्या फडक्याची छापी गुंडाळून हातांच्या ओंजळीतून धूर ओढत, म्हणून बऱ्याच चिलमींचं ते टोक बाहेरून झिजून गुळगुळीत झालेलं असतं. तंबाखू खाली उतरू नये म्हणून आत एक खडा घालत. हा खडा कधी नदीतला गोटा असतो, कधी खापराचा घासून गोल केलेला तुकडा. खापरांच्या गर्दीत कोणाचंही लक्ष त्याच्याकडं जात नाही. चिलमीच्या तुकड्याजवळ असा गोल खडा दिसला, तर तो तिचाच असण्याचा संभव आहे, तोही नोंदवायला हवा.

आता चिलमीसारख्या दिसणाऱ्या वस्तू. पहिली म्हणजे तोटी. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत तोटीची भांडी सर्रास होती. त्यांची तुटलेली तोटी हुबेहूब चिलीम वाटते. पण तिच्या जाड टोकाला भांड्यापासून उखडल्याची खडबडीत जखम असते आणि आत धुराचा मागमूस नसतो. दुसरी, लोहाराच्या भात्याची मातीची नळी. ती भट्टीत घुसलेली असते, म्हणून तिचं टोक वितळून काचेसारखं झालेलं असतं, कधी त्याला लोखंडाची कीट चिकटलेली असते. मातीही भुसा घातलेली, भरड. तिसरी, सोनाराची मूस. आतून काळी, पण तळाला भोक नाही. चौथी, चातीची चकती. सोलापूरच्या भागात सूतकताई जुनी, त्यामुळं मातीच्या चकत्या खूप मिळतात. तिला भोक असतं, पण ती चपटी असते आणि जळालेली नसते. पाय घासायच्या वजरीचा तुकडासुद्धा कोणी चिलीम म्हणून दाखवतं, आणि तिला तर भोकही नसतं.

या सगळ्यांत भोकापेक्षा धूर कुठं लागला आहे ते महत्त्वाचं. जळालेला भाग आत, तोंडाकडं असेल तर चिलीम. जळालेला भाग बाहेर, टोकाला असेल तर भात्याची नळी. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी निम्मी चूक टळते.

‘गोसाव्याची, म्हणजे गांजाची’

चिलीम म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढं जटाधारी बैरागी येतो. सतराव्या-अठराव्या शतकात चिलीम त्याच्यापुरती नव्हती. पानसुपारीसारखी ती पाहुण्यापुढं येणारी वस्तू होती. पाटलाच्या ओसरीवर, चावडीत, बाजारातल्या पालात, लष्कराच्या तळावर तिची रीत पाळली जात होती. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी जुन्या मराठी वाङ्मयात आणि कागदपत्रांत तंबाखूचे उल्लेख चिकाटीनं वेचले आहेत. ते पाहिले की ही चाल समाजात किती खोलवर गेली होती ते कळतं. बायकाही यातून सुटल्या नव्हत्या. अठराव्या शतकातल्या दख्खनी चित्रांत हुक्क्याची नळी हातात घेतलेल्या स्त्रिया दिसतात.

शिवाय जमिनीत सापडणारी प्रत्येक चिलीम हातात धरून ओढायची नसते. हुक्क्याच्या किंवा गुडगुडीच्या माथ्यावर बसणाऱ्या वाटीलाही चिलीमच म्हणतात. खाली पाण्याचं भांडं, त्यात उभी नळी आणि तिच्यावर ही मातीची चिलीम. श्रीमंताच्या घरी पाण्याचं भांडं बिदरी कामाचं, गरिबाच्या घरी नारळाच्या करवंटीचं. वरची चिलीम मात्र दोघांचीही कुंभाराच्या आव्यातली. बिदरीचं भांडं वारशात गेलं किंवा मोडीत निघालं, करवंटी कुजली. उरली फक्त माती. त्यामुळं सापडलेल्या चिलमीवरून तिचा धनी गरीब होता, असाही निष्कर्ष काढता येत नाही.

तिच्यात नेमकं काय जळलं, हे डोळ्यांनी कळत नाही. प्रयोगशाळेत आतल्या काजळीतले अंश तपासता येतात, निकोटिन ओळखता येतं. पण त्यासाठी काजळी शिल्लक राहायला हवी. माझी एक चूक इथं सांगायलाच हवी. फार वर्षांपूर्वी एका टेकाडाच्या कडेला मला जवळजवळ अखंड चिलीम मिळाली. मी ती घरी आणली आणि दात घासायच्या ब्रशनं, साबण लावून, स्वच्छ धुतली. ती छान लाल दिसू लागली. पुढं एका अभ्यासकाला दाखवली तेव्हा त्यांनी आत बघितलं आणि काही न बोलता परत दिली. त्या चिलमीला जे सांगता आलं असतं ते मी मोरीतून वाहून घालवलं होतं. शिवाय ती नेमकी कुठं आणि किती खोल पडली होती, हेही मी लिहून ठेवलं नव्हतं. ती अजून माझ्याकडं आहे, आणि अभ्यासाच्या दृष्टीनं ती मुकी आहे.

‘हुक्का अकबराच्या हकिमानं काढला’

ही कथा अनेक पुस्तकांतून फिरते. हकीम अबुल फतह गिलानी यानं तंबाखूचा धूर पाण्यातून गाळून घेण्याची युक्ती काढली, असं सांगतात. पण हा हकीम १५८९ मध्येच वारला. अकबराच्या दरबारात तंबाखू पहिल्यांदा दाखवल्याची असद बेगची नोंद त्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी येते. ही तारखांची विसंगती डोळ्यांआड करून कथा खरी मानता येणार नाही.

‘माचणूरला मिळाली, म्हणजे औरंगजेबाच्या छावणीतली’

मंगळवेढे तालुक्यात भीमेच्या काठी ब्रह्मपुरी आणि माचणूर आहेत. औरंगजेबानं १६९५ मध्ये इथं तळ दिला आणि १६९९ पर्यंत तो इथूनच साऱ्या हिंदुस्थानचा कारभार हाकत होता. ब्रह्मपुरीचं नाव त्यानं इस्लामपुरी ठेवलं. माचणूरचा किल्ला त्याच काळाची आठवण आहे. लाखभर माणसांचं फिरतं शहर चार वर्षं एका जागी बसलं, तर तिथं चिलमी फुटल्याच असतील, यात मला तिळमात्र शंका नाही.

पण त्या छावणीआधी इथं गाव होतं आणि नंतरही राहिलं. सिद्धेश्वराचं देऊळ आहे, यात्रा भरते, भीमेला उतार आहे, वाटसरू थांबतात. चिलमी तर विसाव्या शतकापर्यंत ओढल्या जात होत्या. छावणीत वापरलेली चिलीमसुद्धा काही दिल्लीहून आलेली नव्हे, ती इथल्याच कुंभारानं घडवलेली असणार. तोच कुंभार, त्याचा मुलगा, त्याचा पणतू जवळपास तशीच चिलीम घडवत राहिला. म्हणून माचणूरला उचललेल्या सुट्या चिलमीला ‘मुघल’ अशी चिठ्ठी लावणं म्हणजे फक्त जागेच्या प्रसिद्धीवरून वस्तूचं वय ठरवणं.

मग वय ठरवायचं कशावरून? सोबतीवरून. तिच्याच थरात झिलईची भांडी आहेत का, चिनी मातीच्या बारीक निळ्या नक्षीचे तुकडे आहेत का, तांब्याचं एखादं नाणं आहे का. काचेच्या बांगड्या फार उपयोगी पडतात. बहमनी काळातल्या अनेक रंगांच्या बांगड्या वेगळ्या ओळखू येतात. खापरं वेचणारी पोरं त्यांचे तुकडे हौसेनं खिशात घालतात, त्यांना तेवढं सांगून ठेवावं, की तेही पुरावेच आहेत. आकारातले बदलही कामाला येतात. काही चिलमी डमरूसारख्या दोन्हीकडं पसरट असतात, काहींच्या तोंडाभोवती ओल्या मातीत कोरलेल्या रेघा किंवा पाकळ्या असतात, काही अगदी साध्या, सरळ, निमुळत्या. पण कोणता आकार कोणत्या काळाचा, याची खात्रीची मांडणी शेकडो चिलमी त्यांच्या त्यांच्या थरासकट नोंदल्या गेल्या तरच होईल.

जाता जाता एक घोटाळा दुरुस्त करतो. १९४५-४६ मध्ये उत्खनन झालेली, पुरातत्त्वाच्या पुस्तकांत नेहमी येणारी ब्रह्मपुरी ही नव्हे. ती कोल्हापुरातली, पंचगंगेच्या काठची टेकडी. तिथल्या सापडलेल्या वस्तूंची वर्णनं सोलापूरच्या ब्रह्मपुरीला चिकटवलेली मी एकापेक्षा जास्त ठिकाणी वाचली आहेत.

‘नळीच्या भोकावरून वय काढता येतं’

येतं, पण आपल्या चिलमीचं नाही. इंग्लंडात सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून आणि नंतर हॉलंडमध्ये, विशेषतः गौडा शहरात, पांढऱ्या मातीच्या लांब नळीचे पाइप लाखांनी होत. तंबाखू महाग होती तेव्हा त्यांची वाटी चिमुकली, स्वस्त झाली तशी मोठी. नळी लांबत गेली तसं तिचं भोक बारीक होत गेलं. अमेरिकेत जेम्सटाउनच्या उत्खननांवर काम केलेल्या हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये नळ्यांची भोकं मोजून कोष्टक मांडलं. १६२० च्या आधीच्या नळ्यांत नऊ चौसष्टांश इंचाचं भोक जास्त करून आढळतं, १७५० नंतरच्या नळ्यांत चार चौसष्टांश इंचाचं. मोजायला ड्रिलची साधी पाती पुरतात. फार हुशारीची पद्धत आहे. पण ती साच्यातून निघालेल्या त्या विशिष्ट पाइपांची आहे. आपली चिलीम चाकावरची, तिचं भोक कुंभाराच्या हाताला आलेल्या काडीएवढं. हे कोष्टक तिला लावणं म्हणजे बांगडीच्या मापानं जोडा घेणं.

सोलापुरात असा पांढरा पाइप मिळू शकतो का? वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, किनाऱ्यावर त्याचं नवल नाही. सोलापूरचा किल्ला इंग्रजांनी मे १८१८ मध्ये पेशव्यांच्या फौजेकडून घेतला आणि मग इथं लष्करी ठाणं झालं. तेव्हा मिळालाच, तर तो त्यानंतरचा असण्याचा संभव अधिक. पण मला आजवर ‘युरोपियन पाइप’ म्हणून दाखवलेल्या वस्तूंत पाटीवरच्या पेन्सिली होत्या आणि भिंतीतून विजेची तार नेण्यासाठी पूर्वी वापरत त्या चिनी मातीच्या नळ्या होत्या.

‘काळी ती जुनी, लाल ती नवी’

रंगावरून वय कळत नाही. आव्यात हवा खेळती राहिली तर भांडं लाल भाजतं, धूर कोंडला तर काळं. एकाच कुंभाराच्या एकाच दिवसाच्या आव्यातून दोन्ही निघतात.

‘फार जुनी आहे, म्हणजे फार किमती आहे’

चिलीम दाखवणाऱ्या दर दोन माणसांतला एक हळूच विचारतो, हिचे किती येतील? बाजारात काहीच नाही. आणि ते विचारण्याआधी कायदा माहीत हवा. शंभर वर्षांहून जुनी, गतकाळातल्या चालीरीतींवर आणि कारागिरीवर प्रकाश टाकणारी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि खाजगीरीत्या ती देशाबाहेर नेता येत नाही. सोलापूरचा भुईकोट केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे, तिथं १९५८ च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय उकरणं गुन्हा आहे. जमिनीत दडवलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचं बंधन तर १८७८ पासूनच आहे.

गुप्तधनाच्या नादानं आपल्या जिल्ह्यातल्या गढ्या आणि पांढरी किती पोखरल्या गेल्या आहेत, हे फिरणाऱ्या कोणालाही दिसतं. धन कुठं मिळालेलं दिसत नाही, पण चर खणून शेकडो वर्षांचे थर मात्र एकमेकांत कालवून टाकलेले दिसतात. अशा खड्ड्याच्या तोंडाशी पडलेली चिलीम कुठल्या थरातली, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. घुशींची बिळं आणि नांगर हेही मातीची उलथापालथ करतात, पण माणसाच्या पहारीइतकी नाही.

चिलीम ज्या गोष्टीमुळं मागं पडली तिचा या मातीत काही पुरावा राहणार नाही, हे मला सारखं जाणवतं. विसाव्या शतकात विडी आली आणि सोलापूर विडीचं गाव झालं. पूर्व भागातल्या हजारो बायांनी मांडीवर सूप घेऊन, पान कात्रीनं कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून घरं चालवली. कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायांच्या दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. एवढा मोठा धंदा, पण पान कुजतं, दोरा कुजतो, तंबाखूची राख होते. त्यांच्या कष्टांची नोंद कागदावर आणि आठवणीतच ठेवावी लागेल. चिलमीचं तसं नाही, ती स्वतःच टिकते. तिला जागची हलवली नाही, एवढंच तिला आपल्याकडून हवं आहे.

म्हणून विनंती अशी. पांढरीवर, गढीच्या पायथ्याला, नदीच्या दरडीत चिलमीचा तुकडा दिसला तर आधी तो आहे तिथंच ठेवून फोटो काढा, शेजारी एखादी पट्टी किंवा नाणं ठेवून. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा. दरडीत असेल तर वरून किती फुटांवर आहे ते मोजा, आजूबाजूला कसली खापरं आणि बांगड्या आहेत ते लिहा. उकरू नका, धुऊ नका. आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातल्या पुरातत्त्वाच्या विभागाला, तेरच्या संग्रहालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. यंदाच्या पावसात तुमच्या गावच्या पांढरीची कड ढासळली असेल, तर एकदा तिकडं चक्कर मारून या, वही-पेन्सिल घेऊन.